परताव्यांतून परराज्याची करवसुली

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत नोकरीस आहेत, त्यांस हा नियम ठाऊक असावा. तेथें मध्यवर्ती सरकारप्रमाणें बहुतेक राज्येंहि प्राप्तीवर निराळा कर घेतात. १९९८ च्या कायद्यानें राज्याची थकबाकी मध्यवर्ती सरकारच्या कर-परताव्यांतून वळती करून घेतां येते. मात्र तत्पूर्वीं त्या राज्यानें नोटीस देऊन हरकतीस निदान ६० दिवस दिले पाहिजेत; आणि करदात्याचा विवरणपत्रांतील पत्ताहि त्याच राज्यांतला पाहिजे. तो राज्य सोडून गेला, तर हा मार्ग खुंटतो. म्हणून कित्येक राज्यांनीं आपसांत करार केले आहेत. एकानें आपल्याकडील परतावा अडवून दुसऱ्याची बाकी भागवावयाची. सारांश, बिऱ्हाड हलविल्यानें देणें फिटत नाहीं. कर भरल्याच्या पावत्या जपाव्या व मुदतींत हरकत घ्यावी. नाहीं तर नसलेली बाकीहि परताव्यांतून कापली जाण्याचा संभव आहे.