दोन वेताळ आणि एक "मजेत!"

आखाती देशात राहणाऱ्या मराठी बाईला "कशी आहेस?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, "मजेत!" फोनवर आईला तेच आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजारणीलाही तेच. पण तिलाच "तुमच्याकडे चांदोबा यायचा का गं?" असं विचारून बघा. आधी चांदोबा आणणारे आजोबा येतात, मग आजोबांचं घर, मग त्या घराची वाटणी, आणि शेवटी त्या वाटणीपासून न बोलणारा भाऊ.

आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मराठी बायकांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. कुणी झेनमध्ये राहतं, कुणी मुघलमध्ये, कुणी कॅक्टसमध्ये. (भारतातल्या वाचकांसाठी: ही आमच्या इमारतींच्या समूहांची नावं आहेत!) नवरे मेट्रोने कामावर गेले आणि मुलांच्या बस सुटल्या, की गटाला जाग येते. इथे व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही, म्हणून आमच्या गप्पा बहुतेक लिहूनच चालतात. मी लग्नाआधी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे मला याचं फार अप्रूप. शाळा सुटल्यापासून देवनागरीत एक ओळही न लिहिलेल्या बायका आता परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात.

तसं हे नवं नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा संगणकावर मराठी अक्षर उमटवणं हीच कसरत होती. तरी लोक लिहीत राहिले. परदेशात भाजी मिळते, मसाले मिळतात, पण विषय नसताना मारलेल्या गप्पा मिळत नाहीत.

आमच्याकडे सगळ्यात रंगलेला वाद म्हणजे "तुझा वेताळ कुठला?" मराठी लहानपणाच्या वाट्याला दोन वेताळ आले. एक इंद्रजाल कॉमिक्सचा, कवटीची अंगठी घालणारा, जंगलात राहणारा. १९६४ साली सुरू झालेले ते अंक १९९० मध्ये बंद पडले, पण माझ्या बाबांच्या ट्रंकेत जपलेले होते. दुसरा चांदोबातला, विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगणारा. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली आला. तो काढणारे नागी रेड्डी आणि चक्रपाणी सिनेमेही काढत. 'मायाबाजार' त्यांचा आणि 'राम और श्याम'ही त्यांचाच. हे मी गटावर लिहिलं, तेव्हा नागपूरची एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे विक्रम-वेताळ आणि दिलीपकुमारचा डबल रोल एकाच घरचे!" त्या दिवशी कुणाच्याच घरी वेळेवर कुकर लागला नाही.

मग तिनेच वेताळाची अट आठवून दिली. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास, तर तुझ्या डोक्याची शकलं होतील; आणि बोललास, तर मी पुन्हा झाडावर. खाली कुणीतरी लिहिलं, "आपलं सगळ्यांचं हेच आहे गं." बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

आता जे सांगते, ते त्या मैत्रिणीला विचारूनच. एका सकाळी 'अशी ही बनवाबनवी'वर गप्पा चालल्या होत्या. १९८८ चा सिनेमा, पण आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, एवढ्या धमाल सिनेमाचं मूळ बघा केवढं साधं आहे, पुण्यात भाड्याने जागा मिळत नाही! दोन मिनिटांनी सांगलीच्या मैत्रिणीचा निरोप आला, "आमच्याही भाड्याचा चेक पुढच्या आठवड्यात वटायला जाणार आहे. ह्यांची नोकरी जाऊन दीड महिना झाला."

दीड महिना! रोज तिची-माझी बसस्टॉपवर भेट होत होती. रोज "मजेत" होती.

नोकरीबरोबर व्हिसाही जातो आणि बायकामुलांचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर असतो, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एचआरमध्ये काम करणाऱ्या एकीने शेवटच्या हिशेबात काय काय मागायचं, ते तिला नीट लिहून दिलं. दुसरीने मुलांना दुपारी आपल्याकडे ठेवून घेतलं. मी मुलाचा अभ्यास बघितला. गप्पांनी नोकरी मिळवून दिली नाही. वर्ष संपल्यावर ती मुलांना घेऊन सांगलीला गेली, आणि नवरा इथे मित्राकडे राहून नोकरी शोधत राहिला. पण जाताना ती म्हणाली, "सामान बांधायला सहाजणी होत्या. नाहीतर मी गुपचूप गेले असते."

असं बोलणं सुरक्षित राहावं म्हणून आम्ही एक नियम केला. गटातलं गटातच. स्क्रीनशॉट नवऱ्यालासुद्धा दाखवायचा नाही. दुसऱ्याची खासगी गोष्ट परवानगीशिवाय पसरवणं इथल्या २०२१ च्या सायबर कायद्याने गुन्हा आहेच, पण आमचा नियम कायद्याच्या भीतीने पाळला जात नाही. एकीचं बाहेर फुटलं, तर उद्या दुसरी तोंड उघडणार नाही, एवढं आम्हाला कळतं.

आणि हा अंक भारतात वाचणाऱ्या आई, सासूबाई, ताई, वहिनी, तुम्हाला एक सांगू? लेकीला फोन केलात, की "जेवलीस का?" जरूर विचारा. मग एखाद्या सिनेमाचं विचारा, ट्रंकेतल्या जुन्या अंकांचं विचारा, आणि थोडं थांबा. पुढचं ती आपणहून सांगेल.