बदलायचं कोणी?

पनवेल, कामोठे, खारघर, कळंबोली या पट्ट्यात छोट्या फ्लॅटमध्ये चार-पाच माणसं राहतात. अशा घरात मुलानं ‘मला मुलगेच आवडतात’ असं सांगितलं, की एकतर लग्नाची घाई सुरू होते, नाहीतर डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. डॉक्टरांपुढे मागणी एकच असते: ‘याला नॉर्मल करून द्या.’ नजरेला नजर न देणाऱ्या, हात फडफडवणाऱ्या स्वमग्न लेकराचे आईबापही बहुधा हेच मागतात.

या दोन मागण्यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी स्वमग्न मुलांना बक्षीस आणि शिक्षेच्या जोरावर इतरांसारखं वागायला लावण्याची पद्धत रूढ केली. सुरुवातीच्या प्रयोगांत विजेचे झटकेही दिले गेले. त्याच लोव्हास यांनी जॉर्ज रेकर्स यांच्यासोबत १९७४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘बायकी’ वागणाऱ्या लहान मुलाला तशाच बक्षीस-शिक्षेनं ‘पुरुषी’ केल्याचा त्यात दावा होता. त्या मुलानं २००३ साली, वयाच्या ३८व्या वर्षी आत्महत्या केली.

याउलट अफर्मेटिव्ह, म्हणजे माणसाची ओळख मान्य करणारं समुपदेशन सुरू होतं ते ओळख हा आजार नाही हे धरूनच. नैराश्य, भीती, उडालेली झोप, जीव द्यावासा वाटणं यांवर इलाज होतोच, गरज पडली तर औषधंही दिली जातात. पण त्रासाचं मूळ घरच्या धाकात, वर्गातल्या चिडवण्यात, जातीवरून मारलेल्या टोमण्यात असेल, तर तेही तितक्याच गांभीर्यानं पाहिलं जातं. मूल आवाजानं कानांवर हात ठेवत असेल, तर हात खाली घ्यायला शिकवण्याआधी आवाज कमी करता येतो का, हे विचारलं जातं. याचा अर्थ समुपदेशक प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो असा नाही. दारू वाढली असेल, जोडीदार मारत असेल, तर तो स्पष्ट बोलतो. मात्र घरी कधी सांगायचं, मुळात सांगायचं का, हे समोरच्यानंच ठरवायचं. ज्याला घराबाहेर काढलं तर जायला जागा नाही, त्याच्यासाठी थांबणं हाही शहाणपणाच आहे.

मराठी समाजाला समलैंगिकतेचा विषय नवा नाही. आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. त्या प्रश्नांत समलैंगिकतेचाही प्रश्न होता. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, पण खटला हरले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढून मराठीतून समलैंगिकांसाठी काम उभं केलं. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हनं २०१९ पासून समुपदेशकांसाठी क्विअर (समलिंगी, ट्रान्स इत्यादी) व्यक्तींबाबतचा अफर्मेटिव्ह अभ्यासक्रम चालवला. तिथे शिकवणारे स्वतः क्विअर आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

कायदाही आता या बाजूनं आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा लैंगिक कल, जात, अपंगत्व यांवरून उपचारांत भेद करायला मनाई करतो. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी एका समलिंगी जोडप्याच्या खटल्यात, निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन हा विषय समजून घेतला. न्यायाधीशाला जे करावंसं वाटलं, ते आईबापांना कमीपणाचं का वाटावं? त्याच खटल्यातून पुढे, २०२२ साली, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

म्हणून पनवेलकर पालकांना विनंती आहे. पहिली वेळ घेण्याआधी फोनवरच विचारा: समलैंगिकता, ट्रान्स असणं, स्वमग्नता यांकडे तुम्ही कसं पाहता? मुलाचं बोलणं आम्हालाही सांगाल का? पहिल्या उत्तरात ‘बदलून देऊ’ आलं, तर तिथे जाऊ नका. तसं सांगणारा डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा. सज्ञान मुलाबाबत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘त्याच्या संमतीशिवाय नाही’ असंच हवं. आणि जीव द्यायचे विचार येत असतील, तर वाट न पाहता टेली मानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.