रिकामें मैदान आणि अण्णांची वही

आमच्या अहमदपुरास फुटबॉलचा नाद आहे असें म्हटल्यास गांवकरीच हंसतील. नांदेड-लातूर रस्त्यावरील या गांवीं लोक कुस्ती जाणतात, क्रिकेट खेळतात, आणि माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेस गेले म्हणजे घोड्यांची व पहिलवानांची पारख करीत तासन् तास उभे राहतात. असें असतां २०२० सालच्या मे महिन्यापासून जवळजवळ वर्षभर आमच्या घरांत रोज सायंकाळीं फुटबॉलचा खल चालावा, ही गोष्ट वाचकांस चमत्कारिक वाटेल. तिचीं कारणें दोन. एक ती महासाथ, आणि दुसरें आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे थोरले चुलते. त्या वेळीं त्यांस चौऱ्यायशीवें वर्ष चालू होतें. १९५६ पर्यंत अहमदपूर हें हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यांत मोडत असे, त्यामुळें इकडील मुलें पुढील शिक्षणासाठीं हैदराबादेस जात. अण्णाही तेथें एका नातलगाच्या घरीं राहून शिकले. त्या काळीं हैदराबाद सिटी पोलीस हा फुटबॉलचा संघ देशभर गाजत होता. मुंबईचा रोव्हर्स चषक त्यानें १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वेळां जिंकला. त्या संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. पुढें ते भारतीय संघाचेही प्रशिक्षक झाले. अण्णांच्या तोंडीं त्यांचें नांव रहीमसाहेब असेंच येतें, आणि तें येतांना अण्णा खुर्चीत थोडे सरसावून बसतात.

साथीमुळें वसतिगृह बंद झाल्यानें आमचा एकोणीस वर्षांचा पुतण्या पुण्याहून घरीं आला होता. युरोपांतील फुटबॉलचें त्यास वेड. सगळीकडचे सामने थांबल्यामुळें तो उदास होता, आणि जेव्हां ते प्रेक्षकांवांचून पुन्हां सुरू होणार असें कळलें, तेव्हां तो अधिकच उदास झाला.

“अण्णा, माणसेंच नसलीं तर खेळ कसला? नुसती कवाईत होईल ती.”

“अरे, माणसें असून तरी काय होतें?” अण्णा म्हणाले. “जकार्त्यास लाखभर माणूस आपल्यावर ओरडत होता. हरलों का आपण?”

ही जकार्त्याची हकीगत १९६२ सालची. आशियाई क्रीडास्पर्धांतून तैवान व इस्रायल यांस वगळल्याबद्दल गुरुदत्त सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्यानें आक्षेप घेतला होता, म्हणून तेथील लोक भारतावर खवळले होते. ४ सप्टेंबर रोजीं दक्षिण कोरियाशीं अंतिम सामना झाला. याच कोरियानें आरंभींच्या सामन्यांत भारतास ०-२ असें हरविलें होतें. सारें मैदान विरुद्ध असतां पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांवर भारत २-१ असा विजयी झाला. डोक्यास टांके पडलेले असतांही जर्नेलसिंग त्या दिवशीं आघाडीस खेळला. रहीमसाहेबांचा तो शेवटचा मोठा विजय. पुढल्या वर्षीं ते निवर्तले.

वाद तोंडी मिटेना, तेव्हां अण्णांनीं एक वही काढली. तीन रकाने आंखले: यजमान जिंकला, पाहुणा जिंकला, बरोबरी. निकाल पुतण्यानें सांगावयाचे आणि लिहावयाचे अण्णांनीं.

जर्मनीचा फुटबॉल मार्चमध्यें थांबला होता; तो १६ मे २०२० रोजीं, युरोपच्या मोठ्या देशांत सर्वांत आधीं, सुरू झाला. रिकाम्या मैदानावरील अशा सामन्यांस जर्मन लोक भुतांचे सामने म्हणतात. पहिल्या फेरींत नऊ सामने झाले. यजमान जिंकला तो एकच: डॉर्टमुंडनें शाल्केस ४-० असें हरविलें. तीन बरोबरींत सुटले आणि पांचांत पाहुण्यांची सरशी झाली. डॉर्टमुंडच्या मैदानावर एका बाजूस सुमारें पंचवीस हजार माणसें उभीं राहतील असा प्रचंड सज्जा आहे. सामना संपल्यावर खेळाडू रिवाजाप्रमाणें त्या सज्जासमोर गेले आणि समोर चिटपांखरूं नसतां त्यांनीं अभिवादन केलें. तें दृश्य पाहून आमच्या काकू म्हणाल्या, “देव्हाऱ्यांत देव नसतांना आरती केल्यासारखें दिसतें हो हें.” पुतण्याचा पक्ष त्या दिवशीं बळावला.

पण वहींत थोड्याच दिवसांत अण्णांच्या बाजूचाही पुरावा जमूं लागला. म्यूनिचच्या बायर्न संघानें खंडानंतरचे आपले साखळीतील नऊच्या नऊ सामने जिंकले. पुढें ऑगस्टांत लिस्बनच्या रिकाम्या मैदानांवर त्यानें बार्सिलोनासारख्या संघास ८-२ असें लोळविलें आणि २३ तारखेस पॅरिसच्या संघास १-० असें हरवून युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. अण्णांचें म्हणणें असें कीं, दोन महिने तालमीबाहेर राहिलेल्या पहिलवानास पहिल्या कुस्तींत दम लागतो, पण डाव तो विसरत नाहीं. आणि ज्याच्या तालमींत जोड जास्त, त्यास दमाचीही पंचाईत नाहीं. हें म्हणणें आम्हांस बरेंचसें पटतें. खंडानंतर स्नायू दुखावूं नयेत म्हणून नियम करणाऱ्यांनीं तीनांऐवजीं पांच खेळाडू बदलण्याची मुभा दिली होती. ज्या संघाचे राखीव खेळाडूही पहिल्या प्रतीचे, त्यासच त्या सवलतीचा अधिक लाभ होणार हें उघड आहे.

मग प्रेक्षक नसल्यानें बिघडतें तें नेमकें काय? या प्रश्नाचें उत्तर खेळाडूंपेक्षां पंचांकडे अधिक सांपडतें, हें वाचून आम्ही चकित झालों. इंग्लंडांत पूर्वीं एक प्रयोग झाला होता. चाळीस पंचांस एकाच सामन्यांतील धक्काबुक्कीचे प्रसंग चित्रफितीवर दाखविले. कांहींस प्रेक्षकांच्या गलक्यासह, कांहींस आवाज बंद करून. गलका ऐकणाऱ्या पंचांनीं यजमान संघाच्या चुका कमी धरल्या. इटलींत २००७ सालीं कातानिया येथील दंगलींत एक पोलीस अधिकारी मृत्यु पावला, तेव्हां ज्या मैदानांची व्यवस्था सदोष होती तेथें कांहीं सामने प्रेक्षकांवांचून खेळविण्यांत आले. दोन स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनीं ते सामने तपासले. त्यांस आढळलें कीं, रिकाम्या मैदानावर खेळाडूंचा खेळ फारसा बदलला नाहीं. पंचांची यजमानांकडील ओढ मात्र नाहींशी झाली. २०२० नंतर अनेक देशांच्या सामन्यांवरून हीच गोष्ट पुन्हां दिसली: पाहुण्यांस दाखविलीं जाणारीं पिवळीं कार्डें घटलीं. पंच अप्रामाणिक असतो असा याचा अर्थ नव्हे. तोही माणूस, आणि तीस हजार कंठांतून एकदम निघालेली हरकत कानावर पडली म्हणजे शिट्टीकडे जाणारा हात क्षणभर अडतो किंवा घाई करतो, इतकेंच.

इंग्लंडचा २०२०-२१ चा हंगाम, थोडे सामने वगळतां, असाच सुना गेला. ३८० सामन्यांपैकीं यजमान १४४ व पाहुणे १५३ जिंकले, आणि ८३ बरोबरींत सुटले. १८८८ पासून चालत आलेल्या तेथील पहिल्या श्रेणींत पाहुण्यांचे विजय यजमानांहून अधिक होण्याची ही पहिलीच वेळ. लिव्हरपूलचा संघ आपल्या मैदानावर साखळीचे ६८ सामने हरला नव्हता. २१ जानेवारी २०२१ रोजीं तो बर्नलीकडून हरला आणि त्यासह घरचे सलग सहा सामने गमावून बसला. त्याचे बचावफळींतील मुख्य खेळाडू जायबंदी होते हेंही खरें, म्हणून सारा दोष रिकाम्या सज्ज्यांवर टाकणें योग्य होणार नाहीं. पुतण्यानें मात्र टाकला.

आतां आपल्याकडील गोष्ट. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना १४ मार्च २०२० रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर बंद दाराआड झाला होता. त्यानंतर आठ महिन्यांचा खंड पडला, आणि २० नोव्हेंबरास ती स्पर्धा गोव्यांतच, फातोर्डा, बांबोळी व वास्को अशा तीन मैदानांवर सुरू झाली. अकरा संघ, ११५ सामने, प्रेक्षक शून्य. खेळाडू हॉटेलांत कोंडलेले. सरावास जावें, सामना खेळावा आणि परत खोलींत यावें. टीव्हीवर मात्र ध्वनिमुद्रित गलका ऐकूं येई. काकूंनीं दोन दिवस ऐकून विचारलें, “हीं ओरडणारीं माणसें बसलीं आहेत तरी कुठें?”

येथें अण्णांच्या वहीची पंचाईत झाली. जर्मनींत केवळ प्रेक्षक गेले होते. मैदान, प्रवास, खोल्या सारें पूर्वींप्रमाणेंच होतें. गोव्यांत मात्र कोलकात्याचा, मुंबईचा, केरळचा, सारेच संघ परगांवीं येऊन राहिलेले. यजमान कोण आणि पाहुणा कोण? कागदावर जो यजमान लिहिलेला असे त्यास अर्थ नव्हता. तीन दिवस विचार करून अण्णांनीं यजमान व पाहुणा हे रकाने तांबड्या शाईनें खोडले आणि नुसते निकाल लिहावयास घेतले. एका प्रयोगांत तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती कशास कारण हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं, असें ते म्हणाले. आणि ज्या कित्येक लेखकांनीं गोव्याच्या निकालांवरून प्रेक्षकांविषयीं ठाम सिद्धांत मांडले त्यांच्यापेक्षां आमचे अण्णा आम्हांस अधिक शास्त्रीय वाटतात.

तरीही कांहीं दिसलें तें दिसलेंच. मुंबई सिटी पहिलाच सामना ०-१ असा हरली, तिचा एक खेळाडू पहिल्या अर्धांतच बाहेर काढला गेला. पण सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखालीं तिची घडी अशी बसली कीं पुढें कित्येक सामने ती हरली नाहीं. २८ फेब्रुवारी २०२१ रोजीं मोहन बागानला २-० असें हरवून तिनें साखळींत पहिला क्रमांक मिळविला. दोघांचे गुण चाळीस चाळीसच होते, परस्परांतील सामन्यांवरून निकाल लागला. १३ मार्चच्या अंतिम सामन्यांत बिपीनसिंगनें अगदीं शेवटच्या मिनिटास गोल करून २-१ असा विजय मिळवून दिला. मुंबईच्या संघामागें घरच्या मैदानावर कधीं फार मोठी गर्दी नसे. कोचीच्या मैदानावर पिवळा समुद्र लोटतो त्या केरळचा क्रमांक मात्र अकरांत दहावा लागला. पुतण्यानें हें दोनदां वाचून दाखविलें. अण्णांनीं विचारलें, “आणि मोहन बागानमागें काय गर्दी कमी असते? तो दुसरा आला ना?” यावर उत्तर नव्हतें.

त्याच एप्रिलांत साथीची दुसरी लाट आमच्या गल्लींत आली आणि अण्णांस माडीवरच्या खोलींत सतरा दिवस एकट्यानें राहावें लागलें. ताप दोन दिवसांत उतरला, परंतु जेवणाचें ताट दाराशीं ठेवून परतावें लागे. त्याच दिवसांत गोव्याचा संघ आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें फातोर्ड्यावर खेळत होता. त्या स्पर्धेच्या गटांत उतरलेला तो पहिला भारतीय संघ. पुतण्या चौकांत उभा राहून वर ओरडून निकाल सांगे. १४ एप्रिलास कतारच्या अल-रय्यानशीं ०-० बरोबरी झाली, पुढला सामनाही तसाच सुटला. मग इराणच्या पर्सेपोलिसनें दोनदां हरविलें. शेवटीं गोवा चार संघांत तिसरा आला. आपलें मैदान, आणि आपलें माणूस एकही नाहीं.

अण्णा खालीं आले तेव्हां हडकले होते. रोज सायंकाळीं झोपाळ्यावर बसून ज्ञानेश्वरी वाचण्याचा त्यांचा साठ वर्षांचा नेम. घरांत कोणी भाजी निवडत, कोणी अभ्यास करीत ऐकतें, निम्मीं ऐकतही नाहींत. पोथी आम्हीं माडीवर दिली होती. किती झालें असें सहज विचारलें, तेव्हां ते म्हणाले कीं, पहिल्या दिवशीं नऊ ओव्या झाल्या, नंतर नाहीं. डोळे चांगले होते, वेळ तर होताच. “ऐकणारें कोणी नसलें कीं अक्षरावरून नजर घसरते,” इतकें बोलून त्यांनीं वही मागितली. पुतण्या जवळच बसला होता. एरवीं असा मुद्दा त्यानें सोडला नसता. त्या दिवशीं त्यानें वही आणून दिली आणि गोव्याचे सारे निकाल सावकाश पुन्हां सांगितले.

पुढल्या हंगामांतही सामने गोव्यांतच व रिकाम्या मैदानांवर झाले, पण २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्यास प्रेक्षकांस प्रवेश मिळाला. योगायोग असा कीं, एका बाजूस केरळ आणि दुसऱ्या बाजूस हैदराबाद. फातोर्डा पिवळ्या रंगानें भरून गेलें होतें. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या वर्षीं हैदराबादकडे होता, म्हणून पुतण्याही द्विधा झाला. अडुसष्टाव्या मिनिटास केरळनें गोल केला, आणि त्या वेळचा गलका ध्वनिमुद्रित नव्हता हें काकूंनींही ओळखलें. अठ्ठ्यायशीव्या मिनिटास साहिल ताव्होरानें दुरून मारलेल्या फटक्यानें बरोबरी झाली. जादा वेळांत कांहीं झालें नाहीं. मग पेनल्टी. सारें मैदान ओरडत असतां लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोलरक्षकानें तीन फटके अडविले आणि हैदराबाद ३-१ असें जिंकलें.

अण्णा कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग त्यांनीं वहींत निकाल लिहिला, खोडलेल्या रकान्यांच्या बाजूस एक नवा आंखला, आणि त्यास काय नांव द्यावें हें पुतण्यास विचारलें. तो म्हणाला, “जकार्ता लिहा, अण्णा.”