जुन्या बुलेटचे पुढचे शॉकअप : तेल, सील आणि थोडी नजर

बैलाच्या पायाला नाल ठोकायची वेळ आली की शेतकरी कोणाच्या सांगण्याची वाट पाहत नाही. चाल बघूनच त्याला कळते. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र "पुढून खडखडतंय, पण चालतंय की" असे म्हणून आपण वर्ष-दोन वर्षे ढकलतो. जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप ही अशीच दुर्लक्षित जागा आहे.

आपल्याकडे अजून जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत शेतावर कामाला आहेत. बुलेट १९५० च्या दशकात मद्रासला बनू लागली. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद झाला. या गाड्या मजबूत खऱ्या, पण पुढच्या नळ्यांतले तेल आणि रबरी सील वयाप्रमाणे थकतातच.

आत काय असते?

प्रत्येक बाजूला एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि दणका झेलते. पण नुसती स्प्रिंग असेल तर गाडी उड्या मारत राहील. तेल बारीक भोकांतून ढकलले जाते, त्या अडथळ्याने उडी थांबते. थोडक्यात, स्प्रिंग वजन पेलते आणि तेल हेलकावा मोडते. तेल गेले की ब्रेक मारताच पुढची बाजू धपकन बसते आणि चाक रस्त्यावर टिकून राहत नाही. मागे दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन किंवा युरियाची ४५ किलोची गोणी बांधली की हँडल आधीच हलके झालेले असते. पहाटे डेअरीच्या वाटेवर अंधारात खड्डा चुकवताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

ओळखायचे कसे?

पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा डुलली तर तेल कमी आहे किंवा पातळ झाले आहे. चकचकीत नळीवर तेलाचा कडा दिसला, त्याला धूळ चिकटली, की सील गेले. तेल ओघळून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरले तर ब्रेक लागत नाही, म्हणून गळती अंगावर काढू नका.

खडखड मात्र नेहमी शॉकअपचीच असते असे नाही. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक उचला. खालच्या नळ्या धरून पुढे-मागे हलवा. टकटक हाताला लागली की हँडलचा कोन सेट पाहावा. हँडल हळू फिरवताना मधोमध अडखळले तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले आहेत, वाट्या बदलाव्या लागतील.

तेल बदलताना

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास वर्षातून एकदा तेल बदलावे. बहुतेक जुन्या गाड्यांत खालच्या नळीच्या बुडाशी निचऱ्याचा छोटा स्क्रू असतो. तो काढून ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबा, जुने तेल बाहेर येईल. राखाडी, चकाकणारे तेल निघाले तर आत धातू झिजतोय, मेस्त्रीला दाखवा. वरचे नट खोलताना चाक उचललेले ठेवा आणि तोंड बाजूला घ्या, कारण स्प्रिंग दाबात असते.

नवे तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जातीचे आणि तेवढ्याच मापाचे, दोन्ही बाजूंना सारखे भरावे. मेडिकलमधली सुई नसलेली मोठी सिरिंज मापाला चांगली. फवारणीच्या औषधाचा कप अजिबात वापरू नका. "थोडे जास्त टाकले तर बरे" हा विचारही चुकीचा. वर हवेला जागा उरली नाही की दाब वाढून नवे सीलच फुटते.

सील बदलण्याआधी नळी बघा

नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सील काही आठवड्यांत फाटते, पैसे वाया जातात. बारीक डाग बारीक पॉलिश पेपरने तेल लावून घासता येतात. खोल खड्डे असतील तर नळी पुन्हा क्रोम करून घासून घ्यावी किंवा बदलावी. गंज येतो कुठून? खताची गोणी टाकीवर घेऊन आपण निघतो. खताचे कण ओलावा ओढून घेतात आणि क्रोम खातात. खत वाहून आल्यावर नळ्या साध्या पाण्याने धुऊन कोरड्या पुसाव्यात. वाकलेली नळी काचेवर फिरवून पाहिली की कळते. सुरकुती पडलेली नळी सरळ करत बसू नका, ती टाकूनच द्यावी.

नवे सील बसवताना ओठाला ग्रीस लावा. नळीच्या कडेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सील सरकवा म्हणजे कड चिरणार नाही. छन्नीने ठोकू नका, सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन सारखे बसवा.

थोडी सुधारणा

रोज ओझे वाहणाऱ्याने स्प्रिंगवर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे वॉशर टाकून पाहावे. स्प्रिंग त्याने कडक होत नाही, पण पुढची बाजू जरा उंच राहते. किंचित जाड तेलाने डुलणे कमी होते. फार जाड टाकले तर खड्ड्यात हाताला दणके बसतात, म्हणून एकेक पायरीनेच जावे. रबरी बूट घातला तर चिखल नळीपासून दूर राहतो, पण फाटलेला बूट लगेच बदला, त्यात पाणी साचून आतून गंजतो.

गाडी पडल्यावर हँडल आणि चाक एका रेषेत नसेल तर सगळे बदलायची घाई नको. नळ्या धरणारे बोल्ट आणि चाकाचा अॅक्सल सैल करा, गाडी चार वेळा दाबा आणि खालून वर पुन्हा आवळत या. नळी वाकलेली नसेल तर बऱ्याचदा पीळ एवढ्याने निघून जातो.

शेतकरी बंधूंनो, सील आणि तेलाचा खर्च बियाण्याच्या एका पिशवीएवढाही नसतो. सुगी संपल्यावर एक दुपार काढा. सील बसवायला मदत हवी तर तालुक्याच्या मेस्त्रीकडे जा, पण तेल बदलताना स्वतः शेजारी उभे राहा आणि माप डोळ्यांनी पाहा.