जुना संगणक कां अडतो?

१९९८ सालीं निघालेल्या विंडोज ९८ वर चालणारा संगणक ‘सिस्टिम रिसोर्सेस’ संपल्याची तक्रार करूं लागला, कीं घरचीं माणसें जादा मेमरी आणावयास निघतात. आमच्या घरींही असेंच झालें; पैसे गेले, तक्रार राहिली. कारण खिडक्या, चित्रें यांच्या नोंदींचे कांहीं कप्पे ६४ किलोबाइटांचेच असतात. मेमरी वाढली तरी ते वाढत नाहींत. पंचगंगेला पाणी चढलें म्हणून कुरुंदवाडच्या घाटाला नव्या पायऱ्या थोड्याच फुटतात?

प्रथम ‘रिसोर्स मीटर’ पाहावा. मग ‘रन’मध्यें ‘एमएसकॉन्फिग’ हा शब्द देऊन ‘स्टार्टअप’मधील अनावश्यक प्रोग्रॅमांपुढील खुणा काढाव्या. कांहीं प्रोग्रॅम मात्र बंद केल्यावरही अडविलेली जागा सोडीत नाहींत. तेथें संगणक पुन्हां सुरू करण्यावांचून गत्यंतर नाहीं.