परदेशातल्या रेस्टॉरंटमध्ये 'वन बाय टू' चालतं का?

"एक मंचाव सूप, वन बाय टू." पुण्या-मुंबईपासून लातूर-जळगावपर्यंत कुठल्याही हॉटेलात ही ऑर्डर दिली तरी वेटरच्या कपाळाला आठी पडत नाही. दोन बाऊल येतात आणि बिलात एकच सूप लागतं. हीच मागणी इटलीतल्या एखाद्या घरगुती खाणावळीत किंवा टोकियोतल्या रामेनच्या दुकानात केली, तर समोरचा माणूस गोंधळतो. कधी नकार देतो, कधी बिलात जास्तीचे पैसे लावतो.

त्यावरून अनेकांचा समज होतो, की परदेशात एका डिशमध्ये दोघांनी खाणं असभ्य मानलं जातं. हे अर्धंच खरं आहे. त्याच युरोपात, स्पेनमध्ये, अख्खं टेबल मधल्या ताटल्यांमधून मिळून खातं. त्याच जपानमध्ये, इझाकाया म्हणजे पिण्या-खाण्याच्या अड्ड्यावर, प्रत्येकाने फक्त स्वतःपुरतं मागवलं तर ते विचित्र दिसतं. म्हणजे नियम फक्त देशागणिक बदलत नाहीत, एकाच देशात दुकानागणिकही बदलतात. मात्र त्यामागचं कारण कळलं, तर प्रत्येक देशाची वेगळी यादी पाठ करावी लागत नाही.

सूप चालतं, मग थाळी का नाही?

कारण समजायला लांब जायची गरज नाही. वन बाय टू सूप देणाऱ्या आपल्या शहरांतच अनलिमिटेड थाळीची हॉटेलं आहेत. तिथे भिंतीवर पाटी असते: थाळी शेअर करता येणार नाही, पार्सल मिळणार नाही. या पाटीचा आपल्याला राग येत नाही. सूप विकणारा ठरावीक माप विकतो, ते किती जणांनी प्यायचं हा आपला प्रश्न असतो. थाळीवाला एका माणसाची भूक आणि एक खुर्ची विकतो. दोघांनी एका थाळीत जेवायचं म्हटलं, तर त्याचा हिशेबच चुकतो.

परदेशातही हाच प्रश्न स्वतःला विचारायचा: हे दुकान नेमकं काय विकतंय? मोजून दिलेला पदार्थ, माणसागणिक एक जागा, की सगळ्या टेबलाचं मिळून जेवण? शिष्टाचार बहुतेक वेळा या उत्तरातून आपोआप निघतो.

युरोपात ताट 'माझं' कसं झालं?

युरोपातही पूर्वी श्रीमंतांच्या टेबलावर बरेच पदार्थ एकदम मांडले जात आणि मंडळी आपापल्या हाताने वाढून घेत. याला 'फ्रेंच पद्धत' म्हणत. १९ व्या शतकात पॅरिसमध्ये 'रशियन पद्धत' आली. तिथल्या रशियन राजदूताने, कुराकिनने, ती रुजवली असं मानलं जातं. या पद्धतीत पदार्थ एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला वाटा वाढूनच मिळतो. शतकाच्या उत्तरार्धात ती सर्वत्र पसरली, आणि आजच्या पाश्चात्त्य रेस्टॉरंटचा स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड हा क्रम त्याच वळणाचा आहे.

म्हणून अशा ठिकाणची डिश एका माणसाचा अंदाज धरून रचलेली असते. सगळ्यांचा पहिला पदार्थ एकदम येतो, तो उचलल्यावर पुढचा. चौघांपैकी दोघांनीच मागवलं, तर उरलेले दोघं रिकाम्या टेबलासमोर बसतात आणि स्वयंपाकघराचाही ताल बिघडतो.

इटली: खुर्चीचेही पैसे

इटलीत बिलावर अनेकदा 'कोपेर्तो' नावाची रक्कम दिसते. ती टिप नसते. पाव, टेबलावरची भांडी आणि बसायची जागा यांचा हा माणशी आकार असतो, बहुतेक ठिकाणी १ ते ३ युरो. चौघं बसले आणि दोनच डिश मागवल्या, तरी कोपेर्तो चौघांचा लागतो. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे, तिथे २००६ च्या कायद्याने कोपेर्तोला बंदी आहे, पण पावाचे वेगळे पैसे बिलात दिसू शकतात. जिथे कोपेर्तो घेतात, तिथे तो मेन्यूवर छापलेला असतो, त्यामुळे बसतानाच पाहून घ्यावा.

२०२३ च्या उन्हाळ्यात या विषयावर इटलीत बरीच चर्चा झाली. कोमो सरोवराजवळच्या एका बारमध्ये पर्यटकांनी सँडविच मधोमध कापून मागितलं आणि बिलात त्याचे २ युरो लागले. लिगुरियातल्या एका खाणावळीत आईने आपल्या ताटातलं मुलीला देण्यासाठी जादा ताटली मागितली, तर तिचेही २ युरो लावले. बारमालकाचं म्हणणं होतं, की एकाऐवजी दोन ताटल्या धुवाव्या लागतात, जादा कामाला किंमत असते. खुद्द इटलीतही हे अनेकांना पटलं नाही. त्यामुळे असे पैसे सर्रास लागतात असं समजू नये. पण अशी आकारणी होऊ शकते, हे माहीत असावं.

मग इटलीत मिळून खायचंच नाही का? खायचं, पण जागा ओळखून. सुरुवातीचे पदार्थ, म्हणजे 'अँतिपास्ती', टेबलाच्या मध्ये ठेवून खाण्यात काहीच गैर नाही. पास्ता आणि पिझ्झा मात्र माणशी एक. दोघांनी दोन वेगळे पिझ्झे मागवून एकमेकांना एखादा तुकडा दिला, तर कुणाची हरकत नसते. आणि खरंच 'वन बाय टू' हवं असेल, तर मोठ्या चौकोनी पिझ्झाचे तुकडे कापून वजनावर विकणारी दुकानं गाठावीत. तिथे माप विकलं जातं, खुर्ची नाही.

जर्मनीत मुलांसाठी वेगळी सोय आहे. अनेक रेस्टॉरंटच्या मेन्यूत 'रॉयबरटेलर' म्हणजे 'दरोडेखोराची ताटली' असते. ही रिकामी ताटली आणि काटा-चमचा घेऊन मुलाने आईबाबांच्या ताटावर दरोडा घालायचा. बऱ्याच ठिकाणी ती फुकट मिळते.

अमेरिका: बिल अर्धं, काम तेवढंच

अमेरिकेत डिश इतक्या मोठ्या असतात, की दोघांत एक घेणं अगदी रूढ आहे. काही ठिकाणी मेन्यूच्या तळाशी ताट विभागून देण्याचा आकार लिहिलेला असतो. तो दिला की प्रश्न मिटला.

खरा मुद्दा टिपचा आहे. टिपा धरून ठरलेलं किमान वेतन भरत असेल, तर केंद्रीय कायद्यानुसार मालकाने वेटरला तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. अनेक राज्यांत दर जास्त आहे, तरी वेटरच्या कमाईत टिपचा वाटा मोठाच असतो. दोघांनी एक डिश घेतली की बिल निम्मं आणि टिपही निम्मी, पण पाणी आणणं, ताटल्या बदलणं, टेबल पुसणं तेवढंच. म्हणून वाटून खाल्लं, तर टिप जरा हात सैल सोडून द्यावी.

जिथे वाटून खाणं हाच नियम

स्पेनमध्ये मेन्यूवर एकाच पदार्थाची 'तापा', 'मेदिया रासिओन' आणि 'रासिओन' अशी चढती मापं दिसतात. रासिओन म्हणजे मिळून खायची ताटली. ऑर्डर देताना 'पारा कोम्पार्तिर', म्हणजे 'वाटून घ्यायला', एवढं म्हटलं की ती मध्ये ठेवली जाते.

अशा टेबलावर आपल्याकडच्यासारखाच पेच येतो: शेवटचा तुकडा कुणी उचलायचा? भज्यांच्या ताटलीतलं शेवटचं भजं आपण जसं एकमेकांकडे सरकवत राहतो, तसंच तिथेही होतं. स्पेनमध्ये त्या तुकड्याला 'लाजेचा' तुकडा म्हणतात. जपानच्या ओसाका भागात त्याला 'संकोचाचा गोळा' अशा अर्थाचा शब्द आहे. दोन्हीकडे उपाय तोच: कुणाला हवंय का, असं विचारायचं आणि मग घ्यायचं.

इथिओपियात इंजेरा नावाच्या आंबवलेल्या मोठ्या धिरड्यावर सगळ्या भाज्या वाढून एकच परात येते. उजव्या हाताने, आपल्या समोरच्या बाजूने खायचं. यजमान प्रेमाने घास भरवतो, त्याला 'गुर्शा' म्हणतात. तो नाकारला तर त्याला वाईट वाटतं. शाकाहारी प्रवाशांसाठी एक सोय आहे. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे 'येत्सोम बेयाइनेतू', म्हणजे उपवासाची मिश्र परात, मागितली की डाळी आणि भाज्यांनी भरलेलं ताट येतं.

जपान आणि कोरिया: दुकान पाहून वागा

जपानच्या इझाकायात बसताच न मागता एक छोटी वाटी येते, 'ओतोशी'. तिचे माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात. ही फसवणूक नाही, ते जागेचे पैसे आहेत. पुढचे पदार्थ मात्र टेबलाचे: प्रत्येकाला छोटी ताटली मिळते आणि मधून वाढून घ्यायचं. एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. आपल्या चॉपस्टिक्सने दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही. दहनानंतर अस्थी तशाच पद्धतीने एकमेकांकडे दिल्या जातात. घास त्याच्या ताटलीत ठेवावा.

रामेनच्या दुकानात चित्र उलटं. बसायला मोजक्या खुर्च्या, बाहेर रांग, आणि अनेक ठिकाणी 'माणशी किमान एक ऑर्डर' अशी सूचना. लहान मुलासाठी छोटी वाटी मागितली तर सहसा मिळते. दोन मोठ्या माणसांनी एक बाऊल घेणं मात्र बरं दिसत नाही.

कोरियात तर एकट्या प्रवाशाचीच अडचण होते. टेबलावर भाजायचं मांस किंवा मोठ्या भांड्यातली 'ज्जिगे' अनेक ठिकाणी किमान दोन जणांसाठीच देतात. इथे वाटून न खाणारा नियमाबाहेर पडतो.

उष्ट्याचं काय?

मिळून खाण्याची आपल्याला सवय असली, तरी उष्टा चमचा सामाईक भांड्यात घालणं आपल्याला खपत नाही. हा आपलाच सोवळेपणा आहे असं वाटून संकोचायचं कारण नाही. चीनमध्ये टेबलावरची फिरती चकती आज सर्रास दिसते. क्षयाचा संसर्ग टाळण्यासाठी तशी चकती वापरावी, असं डॉ. वू लिएन-ते यांनी १९१५ च्या सुमारास सुचवलं होतं. मांचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणणारे हेच ते डॉक्टर. २००३ ची सार्सची साथ आणि नंतरचा कोविड, दोन्ही वेळा वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्स वापरा असं तिथे आवर्जून सांगितलं गेलं. थायलंडमध्येही सामाईक भांड्यासाठी वेगळा 'मधला चमचा' असतो. त्यामुळे ऑर्डर देतानाच वाढायचा चमचा आणि रिकाम्या ताटल्या मागाव्यात.

शाकाहारी माणसाने थोडी जास्त काळजी घ्यावी. मधल्या भांड्यांत एकच डाव फिरतो, आणि सूपचं पाणी बहुधा हाडांचं किंवा माशांचं असतं. चिनी हॉटपॉटमध्ये दोन कप्प्यांचं भांडं मिळतं. त्यातला एक कप्पा शाकाहारी ठेवायला सांगता येतो. नाहीतर आपली डिश वेगळी मागवून सरळ आपल्यासमोर ठेवावी. तसंच बिल समान वाटायचं की ज्याचं त्याने द्यायचं, हे जेवणाआधीच ठरवावं. नाहीतर सॅलड खाणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्यांच्या वाइनचे पैसे येतात.

भूकच कमी असेल तर?

आईवडिलांना घेऊन फिरणाऱ्यांची ही खरी अडचण. पूर्ण डिश संपत नाही, टाकवत नाही आणि पैसेही दिसतात. यावर एकाच डिशमध्ये दोघं हा एकमेव मार्ग नाही. अर्धी डिश मिळेल का, असं विचारता येतं. फक्त सुरुवातीचा पदार्थ घेता येतो. उरलेलं बांधूनही नेता येतं. फ्रान्समध्ये १ जुलै २०२१ पासून, ग्राहकाने मागितल्यास उरलेलं अन्न नेण्यासाठी डबा देणं रेस्टॉरंटना बंधनकारक आहे. स्पेननेही २०२५ मध्ये तसा कायदा केला. बुफे त्यातून वगळलेले आहेत, आणि बुफेत एकाचे पैसे देऊन दोघांनी खाणं कुठल्याच देशात चालत नाही.

एकूण काय, तर विचारायचं ते बसल्याबरोबर, ऑर्डर देण्याआधी. "आम्ही हे दोघांत घेऊ शकतो का?" हा प्रश्न कुठेच उद्धट वाटत नाही. डिश समोर आल्यावर गुपचूप दुसरी ताटली पुढे ओढणं मात्र सगळीकडे वाटतं. शनिवारी रात्री, बाहेर रांग असताना, आठ टेबलांच्या खाणावळीत चौघांनी दोन पिझ्झ्यांवर दोन तास बसू नये. त्या दिवशी बजेट तेवढंच असेल, तर वजनावरचा पिझ्झा किंवा फूड कोर्ट आहेच. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये तर पाच स्टॉलवरून पाच पदार्थ आणून सगळ्यांनी मिळून खाणं, ही रोजचीच गोष्ट आहे.