गोम्बेच्या रानातील वही

प्रयोगशाळा म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? लाकडी टेबले, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि घंटा झाली की संपणारा तास. पण जिला भिंती नाहीत, जिथे घंटा होत नाही आणि जिथला एक प्रयोग १९६० साली सुरू होऊन आजही संपलेला नाही, अशीही एक प्रयोगशाळा आहे. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशातले गोम्बेचे रान, ही ती प्रयोगशाळा. तेथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांचा दिवस कसा जात असे, आणि एका रात्री हा सारा प्रयोगच बंद पडण्याची वेळ कशी आली, ते आज पाहू.

प्रथम जागा समजून घ्या. टांगानिका हे सरोवर सुमारे ६७० किलोमीटर लांब आहे. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतले अंतर जवळजवळ तेवढेच. त्याची सर्वांत जास्त खोली सुमारे १,४७० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे एवढा डोंगर या सरोवरात उभा केला तर वर राहील ते जेमतेम पावणेदोनशे मीटर! या सरोवराच्या पूर्व काठावर उभ्या चढणीचे डोंगर, त्यांतून धावणारे ओढे आणि दाट झाडीच्या घळी आहेत. किगोमा या गावाहून होडीने तेथे जातात. तेथे चिंपांझी राहतात.

१४ जुलै १९६० रोजी जेन गुडॉल ही २६ वर्षांची इंग्रज तरुणी या काठावर उतरली. तिच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती. होती ती एक दुर्बीण, एक वही आणि अफाट चिकाटी. काही महिन्यांतच तिने पाहिले, की चिंपांझी गवताची काडी वाळवीच्या वारुळात खुपसतो आणि काडीला चिकटलेली वाळवी खातो. इतकेच नव्हे, तर फांदीची पाने ओरबाडून तो स्वतः तशी काडी तयार करतो. हत्यारे बनविणारा प्राणी फक्त माणूस, असे तोपर्यंत मानले जाई. एका काडीने ती समजूत मोडली.

पुढे तेथे संशोधन केंद्र उभे राहिले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्टॅनफर्ड, केंब्रिज, दार-ए-सलाम अशा ठिकाणांहून विद्यार्थी येऊ लागले. राहायला झाडीत विखुरलेल्या लहान झोपड्या. खाण्याची वस्तू उघडी ठेवाल तर बबून माकडे ती पळवणार, हे नक्की!

दिवस सुरू होई पहाटेपूर्वी. चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवे घरटे करतो आणि त्यात झोपतो. म्हणून काल तो कोठे झोपला हे लक्षात ठेवून, तो उठण्याच्या आत त्या झाडाखाली पोहोचावे लागे. मग दिवसभर एकाच चिंपांझीच्या मागे जायचे. तो वेलींच्या जाळीखालून आरामात निघून जाई. विद्यार्थी मात्र काट्यांत अडकून पोटावर सरपटत असे. आणि हे सारे करताना वही चालूच. कोण आला, कोण गेला, काय खाल्ले, कोणी कोणाची उवा-लिखा काढली आणि प्रत्येक गोष्टीसमोर वेळ. रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी नीट लिहून काढायच्या.

वेळेचीही एक गंमत होती. तेथील स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'पहिला तास', आठ म्हणजे 'दुसरा'. आपल्याकडे पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजतात ना, तसेच. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखी असल्याने ही पद्धत तेथे अगदी सोयीची आहे.

आता भौतिकशास्त्राचा एक मुद्दा. चमचाभर गरम पाण्यात मोठा थर्मामीटर बुडविला तर काय होईल? थर्मामीटर स्वतःच पाण्याची उष्णता घेईल आणि तुम्ही मोजाल ते मूळ तापमान नसेलच. गोम्बेतही हेच घडले. चिंपांझी जवळ यावेत म्हणून सुरुवातीच्या वर्षांत त्यांना केळी दिली जात. तेव्हा केळ्यांभोवती गर्दी होऊन भांडणे वाढली. मग प्रश्न आला : ही भांडणे चिंपांझींच्या स्वभावातली, की आपल्या केळ्यांतली? म्हणून केळी देणे पुष्कळ कमी करण्यात आले आणि रानात मागोमाग फिरून निरीक्षण करण्यावर भर आला.

पण असे फिरणे धोक्याचे होते. १९६९ साली चिंपांझीच्या मागावर एकटी गेलेली एक विद्यार्थिनी कड्यावरून पडून मरण पावली. त्यानंतर विद्यार्थ्याबरोबर एक स्थानिक सहायक असावा, असे ठरले. हे सहायक आसपासचे रहिवासी. त्यांना वाटा, झाडे, फळे यांची माहिती होती. ती त्यांनी विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी विद्यार्थ्यांकडून नोंदी ठेवण्याची पद्धत घेतली. कोण गुरू आणि कोण शिष्य, हे सांगणे अवघड झाले! जानेवारी १९७४ मध्ये एका टोळीच्या नरांनी शेजारच्या टोळीतील 'गोडी' नावाच्या नराला घेरून मारहाण केली. पुढे चार वर्षे चाललेल्या आणि ती शेजारची टोळी नाहीशी करणाऱ्या संघर्षाची ही पहिली नोंद. ती पाहणारे होते टांझानियाचे हिलाली मतामा.

आणि मग १९ मे १९७५ ची रात्र आली. सरोवरापलीकडे तेव्हा झाईर हा देश होता. तिकडून सुमारे ४० सशस्त्र माणसे होडीने आली आणि त्यांनी छावणीतील चौघा तरुणांना पळवून नेले. वाटाघाटी झाल्या. शेवटचा विद्यार्थी दोन महिन्यांहून अधिक काळाने सुटला. चौघेही जिवंत परतले, पण परदेशी विद्यार्थ्यांची छावणी उठली. खुद्द गुडॉल यांनाही तेथे पूर्वीप्रमाणे दीर्घकाळ राहता येईना.

येथे थांबून विचार करा. लंबकाची आंदोलने मोजताना आकडा चुकला, तर आपण लंबक पुन्हा सोडतो. चिंपांझीचे आयुष्य पुन्हा कसे सोडणार? मादीला साधारण पाच वर्षांनी एक पिल्लू होते. ते मोठे होण्यास दहा-बारा वर्षे लागतात. मधली काही वर्षे नोंद राहिली नाही, तर कोण कोणाचे पिल्लू, केव्हा जन्मले, हा धागाच तुटतो. १५ वर्षांचे काम वाया जाण्याची वेळ आली होती.

तो धागा तुटला नाही. कारण ते टांझानियन सहायक वह्या घेऊन चिंपांझींच्या मागे जातच राहिले. त्यांच्या नोंदी स्वाहिलीत आहेत.

याचे फळ पुढे मिळाले. एलिझाबेथ लॉन्सडॉर्फ या संशोधिकेने पिल्ले वाळवी पकडायला कशी शिकतात हे तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : माद्यांची पिल्ले सरासरी ३१ महिन्यांची असताना हे शिकतात, नरांची ५८ महिन्यांची असताना! मादी पिल्ले आईकडे टक लावून पाहतात आणि नर पिल्ले तेवढा वेळ खेळण्यात घालवितात. प्रत्येक पिल्लाचे वय आणि आई ठाऊक होती, म्हणूनच हे सांगता आले. १९७० साली विद्यार्थिनी म्हणून गोम्बेला गेलेल्या ॲन प्युसी यांनी पुढे त्या कागदांचे ढीग एकत्र आणून संगणकावर घेण्याचे काम केले.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी जेन गुडॉल यांचे निधन झाले. गोम्बेतील काम पुढे चालू आहे.

तुम्हालाही अशी वही सुरू करता येईल. शाळेजवळचे कावळ्याचे घरटे किंवा अंगणातील खारीची जोडी निवडा. तारीख, वेळ, हवामान आणि जे दिसले तेवढेच लिहा. 'त्याला राग आला असावा' असे अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवा. जवळ जाऊ नका, खाऊ घालू नका. आणि एखाद्या दिवशी काहीच दिसले नाही, तर पान कोरे सोडू नका. 'आज दिसले नाही' असे वेळ घालून लिहा. तीसुद्धा एक नोंदच आहे.